नगरांत जन्मलेला आयरिश व त्याच्या पित्याचा माग

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं निघणाऱ्या स्मरणिकेंत मंदिर केव्हां बांधलें, घंटा कोणीं दिली, कोणकोण धर्मगुरु होऊन गेले, हें सर्व येतेंच, व तें यावेंही. आम्ही मात्र मंदिराच्या कपाटांतील एका वस्तूकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. तिच्यांतील एका ओळीचें मोल किती असूं शकतें हें समजण्यास शेजारच्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या एका गृहस्थाची व त्याच्या आयरिश पित्याची हकीकत फार उपयोगी आहे.

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस आष्टी तालुक्याची शींव ओलांडली कीं नगर जिल्हा लागतो. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर शहरीं ता. १६ एप्रिल १९१८ रोजीं टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन याचा जन्म झाला. पुढें हाच मुलगा स्पाइक मिलिगन या नांवानें इंग्लंडांत विनोदी लेखक व नट म्हणून गाजला; १९५१ पासून १९६० पर्यंत बी. बी. सी. रेडिओवर चाललेला ‘गून शो’ मुख्यत्वें त्याच्याच लेखणींतून उतरला. पिता लिओ अल्फोन्सो मिलिगन हा हिंदुस्थानांत ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यांत चाकरीस होता; माता फ्लॉरेन्स ही इंग्लिश. मुलाचें बाळपण पुण्यास गेलें. तेथील ‘कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी’ या शाळेंत तो शिकला. नंतर कुटुंब रंगूनास गेलें. इंग्लंडांत तो राहावयास गेला तो कुमारवयांत. दुसऱ्या महायुद्धांत बापाप्रमाणेंच तोफखान्यांत राहून त्यानें ब्रिटिशांची चाकरी केली व इटलींत तो जखमी झाला.

इतकें असूनही १९६२ सालीं हा मनुष्य कोणत्या देशाचा, असा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षीं कॉमनवेल्थमधून येणाऱ्या लोकांसंबंधीं इंग्लंडांत नवा कायदा झाला आणि हिंदुस्थानांत जन्मलेल्या या आयरिश शिपायाच्या मुलाचा आपोआप चालत आलेला हक्क गेला. राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची होती, ती घेण्यास तो तयार झाला नाहीं. तेव्हां पित्याचें जन्मस्थान कामास आलें. लिओ १८९० सालीं आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो या गांवीं जन्मला होता. आणि १९५६ च्या आयरिश कायद्याप्रमाणें आयर्लंडांत जन्मलेल्या पित्याचें अपत्य, मग तें जगाच्या पाठीवर कोठेंही जन्मलेलें असो, आयरिश नागरिक ठरतें. मिलिगन आयरिश झाला व मरेपर्यंत आयरिशच राहिला. २००१ सालीं त्यास ‘नाइट’ हा किताब मिळाला तोही परकीय नागरिकास देतात तसा, केवळ मानाचा. २००२ मध्यें तो वारला. विंचेल्सी येथील त्याच्या कबरीवर ‘मी आजारी आहें असें तुम्हांस सांगितलें होतें’ अशा अर्थाची त्याची थट्टा कोरावयाची होती. ती इंग्रजींत कोरण्यास तेथील चर्चच्या अधिकाऱ्यांनीं मान्यता दिली नाहीं, म्हणून ती आयरिश भाषेंत कोरली आहे. नगरांत जन्मलेल्या मनुष्याच्या दगडावर स्लायगोची भाषा!

आतां असा पिता कोठून शोधावा? आयर्लंडांत सर्व लोकांच्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. तेव्हां १८९० च्या लिओसारख्यांचा पत्ता लावणें फारसें कठीण नाहीं. खरी अडचण त्यांच्या आज्या-पणज्यांची. ता. ३० जून १९२२ रोजीं, यादवी युद्ध चालूं असतां, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या इमारतींत स्फोट होऊन आग लागली व राष्ट्राचें शेंकडों वर्षांचें दप्तर जळालें. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्या थोडे तुकडे सोडून नाहींशा झाल्या. पुढच्या चार खानेसुमाऱ्यांचे, म्हणजे १८६१ ते १८९१ पर्यंतचे, कागद तर सरकारनें आपण होऊनच नष्ट केलेले होते. अग्नीनें जेवढें नेलें तेवढेंच कारकुनी शहाणपणानें नेलें म्हणावयाचें. संपूर्ण उरल्या त्या १९०१ व १९११ च्या.

परंतु कॅथॉलिकांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वांचल्या. याचें कारण मोठें चमत्कारिक आहे. प्रॉटेस्टंट चर्च हें राजमान्य होतें, म्हणून त्याच्या वह्या सरकारी दप्तर ठरल्या. पुष्कळशा डब्लिनला नेऊन ठेविल्या आणि तेथेंच जळाल्या. कॅथॉलिक बहुजनांच्या वह्यांस ती प्रतिष्ठा नव्हती. त्या खेडोपाडीं धर्मगुरूंच्या घरीं पडून राहिल्या व त्यामुळेंच राहिल्या. सत्तेच्या उपेक्षेनें गरिबांचीं नांवें तारावीं, असा प्रसंग इतिहासांत वारंवार येत नाहीं. त्या वह्या फार प्राचीन नव्हेत. कॅथॉलिकांविरुद्धच्या जाचक कायद्यांमुळें पुष्कळ ठिकाणीं त्या १८२० नंतरच सुरू झाल्या, व पश्चिमेकडील गरीब मुलुखांत त्याहूनही उशिरां. साधारण १८८० पर्यंतच्या पानांचीं छायाचित्रें डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१५ पासून इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहण्यास ठेविलीं आहेत. त्या वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. नोंदी बहुधा लॅटिन भाषेंत असतात. घरचा विल्यम वहींत ‘गुलिएल्मुस’ होतो, जेम्स ‘याकोबुस’, आणि ब्रिजिट ‘ब्रिगिडा’. सेमिनरींत घोकलेली लॅटिन अशा वेळीं हात देते. ज्यांस ती येत नाहीं ते आपल्याच आज्याच्या नांवावरून नजर फिरवून पुढें जातात.

आयरिश लोक आमच्या बाजूस आले ते बहुधा पोटासाठीं. १८३० सालीं ब्रिटिश फौजेंत शेंकडा ४२ शिपाई आयरिश होते, एवढ्यावरून त्या देशाच्या दारिद्र्याची कल्पना येते. त्यानंतर पंधरा वर्षांनीं बटाट्याचें पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देशोधडीस लागलीं. नगरास इंग्रजांची छावणी होती. जालन्यासही फौज असे. आणि आपल्याच जिल्ह्यांतील अंबाजोगाईस, जिला निजामशाहींत मोमिनाबाद म्हणत, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचा तळ होता. हैदराबादचे पहिले व्हिकर अपॉस्टॉलिक डॅनिएल मर्फी हेही आयर्लंडच्या कॉर्क परगण्यांतले. पुढें ते टास्मानियांतील होबार्ट येथें आर्चबिशप झाले. छावण्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनविधि यांच्या नकला बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांतून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. कॅथॉलिक नोंदी त्यांत अपुऱ्या आहेत, म्हणून मूळ वही जेथें असेल तेथेंच जावें लागतें. पहिल्या महायुद्धांतील शिपायांच्या नोकरीच्या कागदांपैकीं तर निम्म्याहून अधिक १९४० च्या बाँबहल्ल्यांत लंडनला जळाले. उरतें काय? घरांतली पेटी. युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा व नांव बारीक अक्षरांत कोरलेलें असतें. छायाचित्राच्या पाठीवर छायाचित्रकाराचें गांव छापलेलें असतें. मिलिगन कुटुंबानें अशीं छायाचित्रें पुष्कळ जपलीं, म्हणून छावणीच्या बाहेरचा लिओ, रंगभूमीवर हौसेनें उतरणारा व अमेरिकन गुराख्याचा वेष करणारा लिओ, आज दिसूं शकतो. सरकारी कागदांत एवढें कधींच सांपडलें नसतें.

थोरांच्या नोंदी तरी चोख असतात असें कोणीं समजूं नये. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं नगरचा किल्ला घेणारा व त्याच वर्षीं २३ सप्टेंबरास असईच्या रणांत जिंकणारा आर्थर वेलस्ली हा जन्मानें डब्लिनचा. त्याचा जन्मदिवस १ मे १७६९ असा घरचीं माणसें मानीत. पण डब्लिनच्या सेंट पीटर चर्चच्या वहींत त्याचा बाप्तिस्मा ३० एप्रिलचा आहे. जन्मण्यापूर्वींच बाप्तिस्मा! आडनांवाची कथाही तशीच. आजोबा मूळचे कॉली. वतनासाठीं वेस्ली झाले. आणि १७९८ च्या सुमारास त्याचें वेलस्ली झालें. आडनांवावरून कूळ ताडणाऱ्या आमच्याकडील पंडितांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

आतां आपल्या घरीं येऊं. ज्यांच्या वाडवडिलांस जमीन होती त्यांचीं नांवें कुलकर्ण्यांच्या दप्तरांत सांपडतात. जे यात्रेस गेले त्यांचीं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत. ज्यांस जमीनही नव्हती व यात्रेचा खर्चही झेपत नव्हता त्यांचें काय? आमच्या लोकांपैकीं बहुतेकांस आज्याच्या पलीकडचें नांव सांगतां येत नाहीं, यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. तें लिहून ठेवावें असें कोणास वाटलेंच नव्हतें. अशा माणसाचें, त्याच्या बायकोचें, गांवाचें आणि धर्ममातापित्यांचें नांव प्रथमच शाईनें लिहिलें गेलें तें बाप्तिस्म्याच्या वहींत. स्त्रियांचीं नांवें तर कित्येकदां दुसरीकडे कोठेंही नसतात. आमच्या मतें धर्ममातापित्यांचा रकाना सर्वांत अधिक बोलका; सोयरीक कोठें होती, कोणत्या गांवचीं माणसें एकमेकांस धरून होतीं, हें त्यावरून उमगतें. वंशावळींत राजा किंवा सरदार शोधणाऱ्यांस मात्र या वह्यांचा उपयोग नाहीं.

ज्या कुटुंबांस आपला माग काढावयाचा असेल त्यांनीं आज्याचें घरचें व बाप्तिस्म्याचें अशीं दोन्ही नांवें, मूळ गांव, व जन्माचें साल माहीत नसल्यास एखादा दुष्काळ किंवा पटकीची सांथ यांची खूण घेऊन यावें. तेवढ्यावर पानें चाळतां येतात. घरांत जुनें लग्नपत्र, प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, पदक किंवा छायाचित्र असेल तें पुसूं नये, चिकटवूं नये, प्लास्टिकनें मढवूंही नये. कोरड्या कागदांत गुंडाळून आणावें. वहीच्या नकलेस ओल लागत नाहीं अशा जागीं ठेवण्याची व्यवस्था करावयाची आहे, आणि लिहिण्याचें अक्षर ज्यांचें स्वच्छ आहे अशा दोन-तीन तरुणांची आम्हांस गरज आहे.