प्रोसिडिंग

शाळेच्या कपाटातल्या दोन वह्यांवरून हा लेख सुरू झाला. पाथर्डी तालुक्यातल्या माझ्या गावी जिल्हा परिषदेची शाळा आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या जुन्या कपाटाची आवराआवर निघाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावणे धाडले. गावात कुणाचे कागद फाटायला आले की मला बोलावतात. बारावीनंतर कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला मिळालेला हा मान आहे आणि मी तो सोडत नाही.

पहिली वही हजेरीची, १९७९-८० सालची, इयत्ता तिसरीची. तीत माझ्या थोरल्या बहिणीचे नाव होते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांत तिच्या नावापुढे हजेरीच्या खुणा ओळीने मांडलेल्या. त्या तीन महिन्यांत ती आई-दादांबरोबर कारखान्यावर होती, कोपीत धाकट्या भावाला सांभाळत. मी आजीपाशी गावात राहिलो म्हणून माझी शाळा झाली. तिची तिसरीतच संपली. वहीत मात्र ती त्या वर्षी क्वचितच गैरहजर राहिली आहे.

दुसरी वही तशी अलीकडची, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची. कागदोपत्री तिला इतिवृत्त नोंदवही म्हणतात; गावात सगळे ‘प्रोसिडिंग’च म्हणतात. डिसेंबरातल्या एका सभेत ‘शाळा विकास आराखडा वाचून दाखविण्यात आला व सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ असा ठराव आहे आणि खाली सह्या. त्यातली एक सही ज्या बाईची, ती त्या डिसेंबरात कोल्हापूरकडे ऊस तोडत होती हे मला ठाऊक होते. मी तिला विचारले. ती हसून म्हणाली, “पाडव्याला आले तवा केली की. गुरुजींनी जागा सोडून ठेवली व्हती.”

खोटे बोलण्याची कुणाचीच इच्छा नव्हती, ना त्या जुन्या गुरुजींची, ना या बाईची. तरीही दोन्ही वह्यांत जे लिहिले आहे ते घडलेले नाही. मुले शिकतात की नाही यावर गावाने नजर ठेवावी, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली आणि ती वहीच्या पानावरच का थांबते, याचा शोध मी तेव्हापासून घेतो आहे.

कल्पना जुनी आहे. १८५०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारने ‘अंशतः स्वावलंबी’ शाळांची योजना आणली. गावाने जागा द्यावी, खर्चाचा काही भाग उचलावा, उरलेला सरकार देईल. जो पैसे देतो त्याने शाळेकडे बघावे, असा सरळ हिशेब त्यामागे होता. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. आता पैसे तर प्रत्येक शेतकरी देऊ लागला, पण शाळेकडे बघणार कोण? पाटील, मामलेदार, आणि वर्षातून एकदा येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यातला ‘दिपोटी’ तो हाच. दिपोटी यायचा म्हटला की शाळा सारवायची, पोरांना धुतलेले सदरे घालायचे, कच्च्या पोरांना त्या दिवशी गुरे राखायला पाठवायचे. अनुदान मिळणाऱ्या खासगी आणि मिशनच्या शाळांना तर त्या काळी परीक्षेच्या निकालावर पैसे मिळत. विलायतेत १८६२ साली निघालेली ही रीत मुंबई इलाख्याने लगेच उचलली होती. पास झालेल्या पोरामागे पैसे म्हटल्यावर नापास होणाऱ्या पोराचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

या व्यवस्थेवरचे सर्वात नेमके बोट जोतीराव फुल्यांनी ठेवले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यातला लोकल फंडाचा भाग पुष्कळांना माहीत असतो. कुणबी कर भरतो आणि त्या पैशाचे शिक्षण दुसऱ्यांच्याच पदरात पडते, हा तो भाग. मला त्यातला देखरेखीचा परिच्छेद जास्त मोलाचा वाटतो. इन्स्पेक्टरची वर्षातली एक भेट काही कामाची नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता शाळेत जावे, असे त्यांनी सुचवले. गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नये, त्यांना इतर कामांतून सवड नसते आणि आलेच तर त्यांची परीक्षा वरवरची असते, हेही सांगितले. वर्दी न देता जाणे! सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, पण तपासणीच्या आदल्या दिवशी रंगरंगोटी होणारी शाळा मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

फुल्यांना हे सुचले त्याचे कारण, त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या. पुण्यात त्यांच्या मुलींच्या शाळांची परीक्षा जाहीरपणे झाली आणि ती बघायला मोठी गर्दी लोटली. या गोष्टीचा एक धागा आमच्या नगरशी जुळतो. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला मिस फॅरार यांच्याकडे. सिंथिया फॅरार अमेरिकन मराठी मिशनच्या. १८३९ पासून त्या नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण त्यात गाव फारसे नाहीच. १८८४च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकनियुक्त स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या; तेव्हा इलाख्याचे शिक्षणमंत्री होते रँग्लर र. पु. परांजपे. १९२९ साली हार्टोग समितीने गळती आणि स्थगिती हे दोन शब्द शिक्षणाच्या चर्चेत कायमचे आणून ठेवले. पहिलीत बसलेल्यांतली थोडीच मुले चौथीपर्यंत पोचतात, असा तो निष्कर्ष होता. दोष स्थानिक बोर्डांवर आला आणि १९३८च्या दुरुस्तीने सरकारने लगाम पुन्हा आवळला. स्वातंत्र्यानंतर १९४७चा कायदा, मग १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषद. दर वेळी भांडण जिल्हा आणि मुंबई यांच्यात होते. शाळा ज्या गावात भरते त्या गावाला कुणी विचारले नाही. माझ्या बहिणीचा हजेरीपट या काळातला.

इथे एक अपवाद नोंदवलाच पाहिजे, आणि तो आमच्याच जिल्ह्यातला. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने गावाच्या श्रमदानातून शाळा उभी केली आणि इतर शाळांनी नाकारलेल्या नापास मुलांना प्राधान्याने प्रवेश दिला. अण्णा हजारे यांच्या पुढच्या आंदोलनांविषयी कुणाचे काही मत असो, निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी कच्ची मुले गाळणाऱ्या शाळांच्या जगात हा निर्णय उलटा होता. तिथे ठराव आधी ग्रामसभेत झाला, वही नंतर आली.

गावाला कायद्याने जागा मिळाली ती फार उशिरा. १९८६चे राष्ट्रीय धोरण, ७३वी घटनादुरुस्ती, मग सर्व शिक्षा अभियानाच्या काळातली ग्रामशिक्षण समिती, अशी ही वाट. ग्रामशिक्षण समितीत वजन गावपुढाऱ्यांचेच होते. १ एप्रिल २०१० रोजी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला आणि खुर्ची खरोखर हलली. कलम २१ सांगते की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतून निवडायचा आणि मुख्याध्यापक हा सचिव. ज्या शाळेत पाटलाच्या बैठकीसाठी वेगळी चटई अंथरत, तिथे ऊसतोड करणारी बाई अध्यक्ष म्हणून बसू शकते. हा बदल लहान समजू नये.

आता ती बसून करते काय? शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर नजर आणि शाळा विकास आराखडा, ही तिची कामे. तो आराखडा मी नीट वाचला. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा असतो. येत्या प्रत्येक वर्षी वर्गवार पट किती असेल, शिक्षक किती जास्त लागतील, खोल्या-शौचालये काय लागतील आणि पैसे किती, एवढे त्यात मागितले आहे. तिसरीतल्या कुणाला वाचता येत नाही, हे लिहायला त्यात रकाना नाही. मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत आणि प्रगती पालकांना भेटून सांगावी, हे कायद्यात आहे, पण ते शिक्षकाच्या कर्तव्यांत, कलम २४ मध्ये. समितीच्या सभेत तो विषय येईलच असे नाही. प्रोसिडिंगमध्ये मी पानामागून पाने उलटली. कुंपण, गळके छत, गणवेश, शालेय पोषण आहाराचा तांदूळ, स्वातंत्र्यदिन. अभ्यासाचा उल्लेख येतो तो ‘गुणवत्तेबाबत चर्चा करण्यात आली’ एवढ्या एका ओळीत. चर्चा काय झाली, ते सभेला हजर असलेल्यांनाही आठवत नाही.

केवळ आपलीच ही तऱ्हा नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६च्या सुमारास प्रयोग केला. गावोगाव सभा घेऊन ग्रामशिक्षण समितीची माहिती दिली, मुलांची वाचनचाचणी कशी घ्यायची तेही काही ठिकाणी दाखवले. अशी समिती आहे हेच बहुतेक पालकांना आधी ठाऊक नव्हते. काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. माहिती मिळाल्यावरही समित्या हलल्या नाहीत. फरक पडला तो गावातल्या तरुणांनी चालवलेल्या वाचनवर्गांना जी मुले गेली, त्यांच्यात. याउलट अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९८८च्या कायद्याने प्रत्येक शाळेला निवडून आलेली परिषद दिली. तीत सहा पालक, आणि तिला मुख्याध्यापक निवडण्याचा, त्याचा करार वाढवण्याचा वा न वाढवण्याचा अधिकार. आमची समिती शिक्षकाची रिकामी जागा भरा म्हणून ठरावावर ठराव करते आणि ठरावाची नक्कल तालुक्याला जाते. अधिकार असला म्हणजे मुले आपोआप वाचू लागतात असे मी म्हणत नाही. पण ज्या सहीने काहीच हलत नाही ती सही पाडव्याला केली काय आणि डिसेंबरात केली काय!

डिसेंबरचा मुद्दा मात्र सोडून चालणार नाही. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी व्हावा, असे नमुना नियमांत आहे. म्हणजे डिसेंबरअखेर. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक येतो, उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कितीतरी गावांत तीन चतुर्थांश पालक असलेल्या समितीने आराखडा करायचा तो नेमका पालक गावात नसताना. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आर्थिक वर्ष होते, उसाचे वर्ष नव्हते.

आणि तरी याच समित्यांनी एक काम असे केले आहे की ज्याला मी जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात वरची जागा देईन. हंगामी वसतिगृह. नाव मोठे असले तरी बहुतेक ठिकाणी इमारत नसते. मुले आजी-आजोबांकडे झोपतात, दोन्ही वेळचे जेवण शाळेजवळ शिजते, संध्याकाळी अभ्यासाला कुणीतरी बसवते, आणि व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. अनुदान उशिरा येते. किराणा दुकानदाराला थांबवावे लागते. कुठे यादीत नावे फुगवल्याच्या तक्रारीही होतात. पण मूल मार्चमध्ये वर्गात असते. गुणवत्ता वाढवण्याचे जितके उपाय मी वाचले, त्यांतला एकही मूल तीनशे किलोमीटर दूर कोपीत असताना लागू पडत नाही. माझ्या बहिणीच्या वेळी ही सोय असती तर, असे मनात येतेच. तिने स्वतः मात्र तसे कधी म्हटलेले नाही. ती म्हणते, “भावाला कोन बघनार व्हतं मग?” या प्रश्नाला वसतिगृहाकडेही उत्तर नाही. तीन वर्षांच्या भावाला ते घेत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या शाळेने केली: चावडी वाचन. महाराष्ट्रात अनेक जिल्हा परिषद शाळांनी हे केले आहे. संध्याकाळी मारुतीच्या पारापुढे सगळी जमतात, मूल पुढे येते, हातात दिलेले पुस्तक उघडते आणि मोठ्याने वाचते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक आजी होत्या, ज्यांना अक्षर येत नाही. तिसरीतला त्यांचा नातू ‘पाऊस’ या शब्दापाशी अडखळला, मागे गेला, पुन्हा अडखळला. आजींना रकाना लागला नाही, श्रेणी लागली नाही. घरी जाताना त्यांनी गुरुजींना थांबवून विचारले, “याला कुठं अडतंय?” पोराला चारचौघांत लाज वाटते, हा आक्षेप खरा आहे आणि आमच्या गुरुजींनी नंतर अडखळणाऱ्या मुलांना आधी दोन दिवस तोच धडा सरावाला द्यायला सुरुवात केली. मग ती परीक्षा राहत नाही, असे कुणी म्हणेल. न राहू दे.

यंदा समितीची सभा मुख्याध्यापकांनी नवरात्रातच घेतली. आराखडा डिसेंबरात पाठवायचा आहे, पण बोलणे आताच करून घ्यावे, असे समितीच्या अध्यक्षबाईंनी सुचवले होते. त्यांची स्वतःची टोळी दिवाळीनंतर निघणार. मला लिहायला बसवले होते, त्यामुळे प्रोसिडिंगमधले ते पान माझ्या अक्षरात आहे. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय दुसरा: गावात मागे राहणाऱ्या मुलांची यादी. नावे सांगता सांगता रात्र झाली, कारण प्रत्येक नावापुढे ते मूल कुणाकडे झोपणार आणि त्याला वाचनात कुठे अडते, हे लिहून घ्या, असा बायांचा आग्रह होता. रकाने मी पट्टीने आखले. सह्या त्याच रात्री झाल्या.