मालवण बंदर : बिनकपाटांचे सागरी संग्रहालय

मसुरे गावातील भरतगडाच्या तटावर उभे राहिले की पायथ्याशी कालावलची खाडी दिसते. सह्याद्रीत उगम पावून कणकवलीवरून आलेली गड नदी येथवर येता येता खारी होते आणि तळाशीलच्या अरुंद वाळूपट्टीला वळसा घालून सर्जेकोटाजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडच्या काठावर भगवंतगड आहे. भरतगड वाडीकर सावंतांचा, १७०१ साली फोंड सावंतांनी उभारलेला. भगवंतगड बावड्याच्या पंत अमात्यांचा. एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दोन प्रतिस्पर्ध्यांनी दोन गड बांधावेत, याचे घाटावरच्या वाचकास नवल वाटेल. पण ज्या काळी कोकणात गाडीरस्ते नव्हते, त्या काळी खाडी हाच हमरस्ता होता. ज्याच्या हाती खाडी, त्याच्या हाती येणाजाणाऱ्या मालावरची जकात आणि आतल्या गावांची नाडी. १८१८ साली दोन्ही गड इंग्रजांच्या ताब्यात गेले व ही स्पर्धा संपली. खाडी मात्र वाहती राहिली.

मालवण तालुक्यातील सागरी जीवनाचा विचार करताना सुरुवात समुद्रकाठच्या बंदराऐवजी अशा आतल्या गावापासून करणे सयुक्तिक ठरते. मसुऱ्याचीच एक वाडी असलेल्या आंगणेवाडीत भराडी देवीची यात्रा भरते आणि तीस लाखो लोक येतात, हे आता सर्वश्रुत आहे. या यात्रेला ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो (२०२४ साली तो २ मार्च होता, तर २०२५ साली २२ फेब्रुवारी), आणि तारीख जाहीर होताच मुंबईचा चाकरमानी रेल्वेच्या आरक्षणाच्या मागे लागतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्रार्पण झाला. त्यापूर्वीच्या पिढ्यांतील चाकरमान्यांसाठी गावाकडची वाट समुद्रातून जात असे. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवणला येई, खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यास आणले जाई. पावसाळा लागला की ही वाहतूक बंद होई आणि कोकण मुंबईपासून जणू दूर जाई. आगबोटी गेल्या. तथापि समुद्र कधी खुला आणि कधी बंद, या हिशेबावर वर्ष आखण्याची रीत मालवण बंदरात अजून टिकून आहे.

‘सागरी संग्रहालय’ म्हटले की काचेच्या कपाटातील जहाजांच्या प्रतिकृती, गंजलेले नांगर, तांब्याची होकायंत्रे असे चित्र डोळ्यांपुढे येते. मालवण बंदरात याच वस्तू कपाटाबाहेर आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच अद्याप कामात आहेत. या संग्रहाचा मुख्य कक्ष म्हणजे अर्थातच सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवतीचा नागमोडी तट, पायात ओतलेले शिसे, दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे या गोष्टी शालेय सहलीतील प्रत्येकास ठाऊक असतात. शिवराजेश्वराच्या मंदिराकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ साली, ते बांधले गेले. आतील महाराजांच्या मूर्तीस दाढी नाही, आणि डोक्यावर सर्वपरिचित जिरेटोपाऐवजी नावाड्यासारखी टोपी कोरलेली आहे. घोड्यावरचा राजा पाहण्याची सवय जडलेल्या डोळ्यांना हा दर्यावर्दी राजा क्षणभर ओळखू येत नाही. १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरण केले होते. ते नाव आज फक्त पुस्तकांत सापडते.

हा किल्ला इतर किल्ल्यांहून वेगळा ठरतो तो त्यात माणसे राहतात म्हणून. परंपरेने किल्ल्याच्या सेवेत असलेल्या हिंदू व मुस्लिम कुटुंबांपैकी मोजकीच आज आत वास्तव्यास आहेत. मेच्या अखेरीस प्रवासी होड्यांची वाहतूक बंद होते, ती साधारणतः सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा सुरू होते. या काळाकरिता धान्य, सरपण, औषधे यांची बेगमी आधीच करून ठेवावी लागते. समुद्राने उसंत दिली तरच किनाऱ्याशी संबंध, एरवी नाही. भवानीमाता, जरीमरी, महापुरुष आणि शिवराजेश्वर यांची पूजा मात्र भर पावसातही चुकत नाही. शिक्षण, नोकरी, दवाखाना या सर्व गोष्टी पाण्यापलीकडे असल्यावर नवी पिढी मालवणात किंवा मुंबईत बिऱ्हाड करते, यात तिला दोष देता येणार नाही. किल्ल्यातील दोन फांद्यांचा माड पर्यटकांचे मोठे आकर्षण होता. वीज पडून तो गेला तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. रिकाम्या होत चाललेल्या घरांविषयी तेवढी हळहळ ऐकू येत नाही.

बंदराच्या वर्षातील सर्वांत मोठा दिवस नारळी पौर्णिमेचा. किल्ल्यातून आधी समुद्रास श्रीफळ अर्पण व्हावे आणि मग बंदरावर व्यापारी, मच्छीमार व नागरिकांनी आपले नारळ सोडावेत, अशी शिवकाळापासून चालत आल्याचे मानली जाणारी ही प्रथा आहे. दुपारनंतर बाजारपेठेतून मिरवणूक निघते, धक्क्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. नारळ लढविण्याचे डाव हा त्या दिवशीचा खास मालवणी खेळ. एकाने नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. अलीकडच्या काळात महिलांच्या नारळ लढविण्याच्या स्पर्धाही भरू लागल्या असून त्यांना गर्दी अधिक असते, हे पाहणारा कोणीही सांगेल.

या सणाचा मूळ अर्थ व्यवहारी आहे. आषाढाचे उधाण ओसरले, वारा पडला, आता होडी पाण्यात लोटण्यास हरकत नाही, असा तो सामुदायिक निर्णय होता. शासनाच्या मासेमारी बंदीचा शेवटही पूर्वी या दिवसाशी जोडलेला असे: १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल ते. अलीकडच्या वर्षांत यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरली आणि चंद्राचे पंचांग व सरकारी दिनदर्शिका यांची फारकत झाली. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. म्हणजे कायद्याने समुद्र खुला झाल्यावर तब्बल एक महिन्याने त्यास नारळ मिळाला. १ ऑगस्टला बाहेर पडणाऱ्या नौका आणि पौर्णिमेपर्यंत थांबणारी होडी यांत हा महिन्याचा फरक पडतो, आणि मासळीच्या हिशेबात तो क्षुल्लक नसतो.

थांबणाऱ्यांत रापणकर प्रमुख. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, आणि ते ओढणाऱ्या मंडळींचा संघ तीही रापणच. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळे सोडीत अर्धवर्तुळ घालते आणि दुसरा दोर घेऊन काही अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर खेचू लागतात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात व शेवटी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. पेडवे, तारली, बांगडे, कधी नशीब असेल तर अधिक मोलाची मासळी. पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून मासळीचा थवा ओळखणारा जाणता माणूस प्रत्येक संघात असावा लागतो, कारण जाळे टाकण्याची वेळ चुकली की तास-दोन तासांची मेहनत वाया जाते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो, अंगमेहनतीचा असतो. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तर त्यालाही मूठभर मासळी देण्याची रीत आहे. गाबीत समाजाने पिढ्यानपिढ्या चालविलेली ही एक सहकारी संस्थाच होय. तिला नोंदणी क्रमांक तेवढा नव्हता.

ती आज अडचणीत आहे. रापण समुद्राकडे जात नाही, मासळी किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहते. मध्ये ट्रॉलर व पर्ससीन नौकांनी मासळी उचलली तर वाळूवर काय येणार? या संघर्षाने मालवणच्या किनाऱ्यावर अनेकदा उग्र रूप धारण केले आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित हंगाम ठरवून दिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. अंमलबजावणी हा मच्छीमारांच्या तक्रारीचा कायमचा विषय राहिला आहे. दुसरीकडे, १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासही याच पारंपरिक मच्छीमारांनी विरोध केला. किल्ल्याभोवतीची प्रवाळे जपली जावीत हे खरे. पण ज्याच्या जाळ्याने ती फारशी मोडलीच नाहीत, त्यालाच प्रथम हटकले जाईल ही भीती निराधार म्हणता येत नाही. दरम्यान रापणकरांच्या घरांतील अनेक तरुण पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग घडविणे, होडीतून डॉल्फिन दाखविणे या व्यवसायात उतरले आहेत. उत्पन्न बरे आहे. पाण्याची ओळख तीच आहे, तिचा उपयोग निराळा झाला आहे.

स्मारके उभारण्याच्या बाबतीत मात्र गेली काही वर्षे मालवण सतत चर्चेत आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा येथे झाला. त्या दिवशी राजकोट येथे अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला; मे २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने सेवानिवृत्त ‘आयएनएस गुलदार’ ही नौका राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली केली. निवती रॉकजवळच्या समुद्रात तिचे पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची ही योजना आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला व त्यांत सिंधुदुर्गासह विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे सागरी किल्लेही आले.

हे सर्व स्वागतार्ह असले तरी मुंबईचा अनुभव विसरून चालणार नाही. विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, २००१ पासून मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास मिळू लागली. नौदल सप्ताहात ती पाहण्यासाठी मुलाबाळांसह रांगा लागत. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव ती बंद करावी लागली आणि २०१४ साली ती भंगारात गेली. रांगा लावणाऱ्यांचे प्रेम खोटे नव्हते. परंतु जहाजाची रोजची देखभाल ज्याच्या पोटापाण्याशी निगडित आहे असा कोणी त्या रांगेत नव्हता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाबतीत तसे नाही. होडी वाहतूक करणारा, आतला पुजारी, धक्क्यावरचा दुकानदार, नारळ घेऊन येणारा व्यापारी या प्रत्येकाचे वर्ष त्या तटाशी बांधलेले आहे. जागतिक वारसा म्हणून जे नियम येतील त्यांत किल्ल्यात राहणाऱ्या कुटुंबांचे स्थान काय, आणि निवतीच्या पाण्याखालील संग्रहालयात तेथील मच्छीमारांना वाटा किती, याची उत्तरे आधी मिळावयास हवीत. वेंगुर्ल्यात महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडविण्याचा उपक्रम चालविला. स्थानिकांच्या हाती सूत्रे दिल्यास काय होऊ शकते याचे ते जवळचेच उदाहरण आहे. कालावलच्या खाडीत, भरतगड आणि भगवंतगड यांच्या मधल्या पाण्यातून असेच काही सुरू झाले तर मसुऱ्यासही त्याचा लाभ होईल.

मालवण बंदराचे हे वर्ष पाहू इच्छिणाऱ्यांनी केवळ मे महिन्याच्या सुटीवर विसंबू नये. नारळी पौर्णिमेचा सोहळा धक्क्यावरून पाहता येतो, किल्ल्यात जाण्यासाठी मात्र त्यानंतर होड्या सुरू होण्याची वाट पाहावी लागते. रापण पाहावयाची तर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर जावे. दिवाळीच्या पाडव्याला श्री देव रामेश्वर व नारायण यांची पालखी नगरप्रदक्षिणेस निघते. आंगणेवाडीच्या यात्रेची तारीख त्या त्या वर्षीच कळते. कोकण रेल्वेने कणकवली, सिंधुदुर्ग अथवा कुडाळ येथे उतरून मालवणास जाता येते. मसुऱ्यासाठी कणकवलीहूनही वाट आहे. भरतगडावर चढताना पिण्याचे पाणी जवळ ठेवावे.