आधी पाणी, मग मासे

घरात माशांची पहिली टाकी येते ती बहुधा एका संध्याकाळी आणि सगळ्या सरंजामासह. काचेची पेटी, रंगीत खडी, हवेचा पंप, प्लॅस्टिकची झाडे आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत डझनभर मासे, हे सारे एकाच दुकानातून, एकाच खेपेत आणले जाते. नळाचे पाणी भरतात, त्यात मासे सोडतात, आणि पंधरा-वीस दिवसांत त्यांतले बरेचसे मरून जातात. मग कुणी दुकानदाराला बोल लावतो, कुणी माशांच्या नाजूकपणाला, तर कुणी आपल्या हाताला मासे लाभत नाहीत अशी समजूत करून घेऊन रिकामी टाकी माळ्यावर टाकतो. माझ्या मते दोष यांपैकी कुणाचाच नाही. तो क्रमाचा आहे. मासे पाळण्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध होते: मासे टिकतात ते आधीपासून जिवंत असलेल्या पाण्यात. पाणी आधी घडते, मासे मागून येतात. शहरी बाजाराने सोयीसाठी हा क्रम उलटा केला आणि नवख्या माणसाच्या अपयशाची पायाभरणी तिथेच झाली.

आपल्याकडचा जुना पुरावा आधी पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याची राजधानी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. विषय गळाने मासे धरण्याचा असला तरी माशांच्या जाती, त्यांचे वसतिस्थान आणि त्यांचे खाद्य यांची बारकाईने नोंद त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ही झाली ग्रंथातली गोष्ट. लोकरीतीत याहून बोलका पुरावा सापडतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळचा वाळणकोंड, पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या काठचे तिळसे, इंद्रायणीकाठचे देहू अशा ठिकाणी नदीच्या डोहातले मासे देवाचे मानले गेले. ते धरायचे नाहीत, भाविकांनी टाकलेला खाऊ त्यांनी खायचा, असा दंडक होता. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांच्या अभ्यासात ज्याची शास्त्रीय नोंद केली तो खुद्री महसीर अशाच पाण्यातला मासा. हे मत्स्यपालन आजच्या अर्थाने नव्हते हे मान्य. तरीही माणसांनी माशांना जवळ ठेवण्याची, ओळखण्याची आणि खाऊ घालण्याची ही रीत होती, आणि तिचा सगळा भार वाहत्या, मुरलेल्या पाण्यावर होता. खाऊ आणि विष्ठा यांतून होणारी घाण नदी पचवत असे, म्हणून भक्तांना त्याचा विचार करावा लागला नाही.

नदीचे हे काम काचेच्या पेटीत कोण करणार, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे बारा गॅलन पाण्याच्या भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. काही काळाने वनस्पतीची पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. तेव्हा त्यांनी त्यात पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजका भाग खाल्ला, पाणी निवळले आणि पाणी न बदलता मासे जगले. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव असे तिघे मिळून पाणी सांभाळतात हा विचार तेव्हा नवा होता. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अॅक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी हा छंद पोचवला. वॉरिंग्टन यांचा भर प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या देवघेवीवर होता. त्यांच्या भांड्यात आणखी एक कामगार राबत होता, पण तो डोळ्यांना दिसणारा नव्हता.

तो कामगार म्हणजे जिवाणू. श्लोसिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवून दिले की अमोनियाचे नायट्रेट होणे ही सजीवांनी घडवलेली क्रिया आहे. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे काम करणारे जिवाणू वेगळे काढले. माशाच्या टाकीत घडते ते असे: मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया कल्ले जाळतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, पण नायट्राइटही घातक, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते. त्यातले थोडे वनस्पती शोषतात, बाकीचे पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर वसतात, आणि त्यांची वसाहत सावकाश वाढते. कोऱ्या टाकीत ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. १९९० च्या दशकात हॉव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइट पचवण्याचे काम पाठ्यपुस्तकांत दिलेल्या नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा करतात असे आढळले. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. तपशील असे बदलत गेले, पण निष्कर्ष तोच राहिला की वसाहत आधी हवी. पंधरा-वीस दिवसांत माशांना जे गाठते ते या वसाहतीचे अपुरेपण असते.

मुंबईत हा छंद रुजला त्यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली नळाचे पाणी. विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात आले, १८९२ साली तानसाचे आले. तलावाचे तुलनेने मऊ पाणी आणि वर्षभर उबदार हवा यांमुळे उष्ण प्रदेशातले मासे या शहरात हीटरशिवाय जगू शकतात. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जंतू मारते तसे उपयोगी जिवाणूही मारते आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करते. दुसरी गोष्ट म्हणजे पाहण्याची हौस आणि ती पुरवणारा बाजार. १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, फळाभाज्यांसोबत पाळीव पशुपक्षी आणि मासेही विकले जाऊ लागले. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पारशी दानशूर तारापोरवाला यांच्या देणगीतून त्याला नाव मिळाले आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शाळेच्या सहलींतून मुंबईबाहेरच्याही मुलांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो इथे. अशा मत्स्यालयाने लोकांना मासे दाखवले, ते निगुतीने दाखवले. पण भिंतीमागचे गाळण्याचे आणि पाणी राखण्याचे काम प्रेक्षकाच्या वाट्याला आले नाही. सोबत घरी आली ती रंगांची आठवण. पाणी कसे राखतात हे ज्ञान तिथेच राहिले.

बाजाराने ही आठवण स्वस्तात पुरवली. पूर्वी टाकी म्हणजे लोखंडी चौकटीत पुट्टीने बसवलेल्या काचा. ती जड, गळकी आणि महाग असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकोनने काचेला काच चिकटवता येऊ लागली आणि टाकी साध्या काचकामाच्या दुकानातही बनू लागली. चेन्नईच्या कोलातूरमध्ये आणि बंगालमध्ये हावड्याच्या गावांत शोभेच्या माशांची पैदास वाढली, आणि तिथला माल देशभर जाऊ लागला. दुकानदाराकडे आलेला मासा रोज खातो, रोज घाण करतो, रोज थोडाफार मरतो. तो लवकर विकला जाणे ही दुकानदाराची गरज आहे. गिऱ्हाइकालाही रिकामी टाकी घरी नेणे रुचत नाही. या दोन घाईंच्या मधोमध चार आठवड्यांची वाट पाहणे हरवले. शिवाय पहिल्या टाकीत जे मासे हमखास जातात तेच नवख्याला न झेपणारे असतात. गोल्डफिश भरपूर घाण करतो आणि वीतभर किंवा अधिक वाढतो. काच साफ करतो म्हणून दिला जाणारा सकर फूटभराच्या पुढे जातो. वास्तूच्या नावाने खपणारे फ्लॉवरहॉर्न आणि अरवाना तर दोन फुटी टाकीत आयुष्यभर कैदेत राहतात.

पाणी आधी, मासे मागून या म्हणण्याला सगळ्यात वजनदार आक्षेप महाराष्ट्राच्या भिंतींवरूनच येतो. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा गावोगाव रंगवलेली आहे. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापाचा अहवाल देताना विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या अॅनॉफिलिस डासाकडे बोट दाखवले होते. त्यानंतरच्या काळात डासांच्या अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडणे हा सरकारी उपाय बनला. दक्षिण अमेरिकेतून आलेला गप्पी आणि १९२८ साली इटलीहून आणलेला गॅम्बुशिया यांचा त्यासाठी वापर झाला. आक्षेप असा की हे मासे विहिरीत, हौदात थेट सोडले जातात आणि वाढतात. मग काचेच्या टाकीचे एवढे सोवळे कशासाठी? उत्तर त्या विहिरीतच आहे. तिचे पाणी जुने असते, दगडी भिंतींवर शेवाळ आणि जिवाणूंचा थर वर्षानुवर्षे जमलेला असतो, वरून कुणी मूठभर खाद्य टाकत नाही, आणि हजारो लिटर पाण्यात मूठभर मासे सोडलेले असतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी साधारण छप्पन लिटर पाणी मावते. खडी वगळता त्याहून कमी. गप्पीचे यश माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, दुजोरा देते.

दुसरा आक्षेप बरणीतल्या गोल्डफिशचा. रोज पाणी बदलून तो महिनोन्‌महिने जगवल्याची उदाहरणे आहेत हे खरे. पण रोज पाणी बदलणे म्हणजे जिवाणूंचे काम माणसाने हाताने करणे, आणि एक दिवस चुकला की विष साचते. गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो हे लक्षात घेतले तर काही महिन्यांना यश म्हणता येणार नाही. तिसरा आक्षेप आजचा आहे: बाटलीबंद जिवाणू मिळतात, मग थांबायचे कशाला? त्यांतल्या काही बाटल्या हा काळ कमी करतात, पण बाटलीतले जिवाणू जिवंत आहेत का हे गिऱ्हाइकाला बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या हौशी माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज मागून घेणे हे खरे विरजण. आणि पोटापाण्याचा आक्षेप? दुकानदाराचे नुकसान होईल असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा: ज्याचे मासे मेले तो दोन-तीन महिन्यांत छंद सोडतो, ज्याचे जगले तो वर्षानुवर्षे खाद्य, वनस्पती आणि मासे घेत राहतो.

या इतिहासातून नवख्याला व्यवहारात काय मिळते? दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, जाड खडी आणि व्हॅलिस्नेरियासारखी काटक वनस्पती. पाणी भरून दिवसभर उघडे ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे द्रव घालावे. मग मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर अखंड चालवावा, आणि चाचणीच्या किटने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की पहिले पाच-सहा मासे आणावेत. झेब्रा डॅनिओ उत्तम. हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णिलेला हा उपखंडातला काटक मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. पाणी जड असेल, दख्खनच्या कूपनलिकांचे असते तसे, तर गप्पी किंवा मोली. पुढचे मासे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, थोडे थोडे. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.

घाईची किंमत घरापुरती राहत नाही, हे शेवटी सांगायला हवे. टाकीत न मावणारा सकर कुणीतरी तलावात किंवा नदीत सोडतो. भीमेवरच्या उजनी जलाशयात हा मासा पसरला आहे आणि त्याच्या कडक काट्यांनी जाळी फाटतात, स्थानिक मासे कमी होतात अशी तिथल्या मासेमारांची तक्रार आहे. वाळणकोंडच्या गावकऱ्यांनी नदीतला मासा देवाचा मानून राखला. शहरातल्या हौशी माणसाने निदान आपल्या टाकीतला मासा त्या नदीत सोडू नये. न झेपणारा मासा दुकानात परत द्यावा. आणि पहिली टाकी घेणाऱ्याने त्या दिवशी दुकानातून फक्त टाकी, फिल्टर आणि वनस्पती आणावी. मासे महिन्याभराने आणले तरी चालतील.