मापाची वही आणि जुनी मोटारसायकल

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बंडीचा आख मोडला की शेतकरी सुताराचे दार गाठतो. सुतार मोडका आख पुढ्यात घेतो, दोरीने लांबी घेतो, काडीवर दोन खुणा करतो आणि सागवानाचा तुकडा निवडायला उठतो. कागद नाही, नकाशा नाही. माप असते ते हातात आणि डोळ्यांत. ही विद्या थोर खरी, परंतु तिच्यात एक उणीव आहे. सुतार गेला की माप त्याच्याबरोबर जाते.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते जुन्या मोटारसायकलीविषयी. आपण म्हणाल, बंडी कुठे आणि मोटारसायकल कुठे! पण दोघींचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. १८८५ साली जर्मनीतील कानस्टाट गावी गोट्लीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख ह्या दोघांनी तेलावर चालणाऱ्या इंजिनाची पहिली दुचाकी केली. इंजिन अवघ्या अर्ध्या अश्वशक्तीचे होते. आणि सांगाडा? तो होता लाकडाचा. चाकेही लाकडाची, त्यांवर लोखंडी धाव. म्हणजे आपल्या बंडीचीच धाकटी बहीण म्हणा ना! पुढे १९०३ साली कानस्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि ती पहिली गाडी जळून गेली. आज संग्रहालयांत जी दिसते ती प्रतिकृती असते. गाडी जळाली, पण तिच्या पेटंटासाठी काढलेली आकृती मागे राहिली. लाकूड जळते, लोखंड गंजते. रेषा आणि आकडे मात्र टिकतात.

आपल्या महाराष्ट्रात हे ज्यांनी नीट ओळखले त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर पहिल्या रांगेत बसतात. त्यांना चित्रकार व्हायचे होते, पण रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आडवा आला. त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची आकृती काढायला शिकवू लागले. बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ड्रॉइंगच्या मास्तरांनी कारखाना उभा केला. शाळेतला ड्रॉइंगचा तास रिकामा समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या ओळखीच्या गाड्यांकडे येऊ. बुलेट ही मूळची इंग्लंडची. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत आणि येथे जोडले जात. १९५७ साली ते भाग घडवण्याची हत्यारे व साचेच येथे आले, आणि थोड्याच वर्षांत सारे भाग येथे होऊ लागले. तिकडे इंग्लंडातला धंदा १९७० पर्यंत बंद पडला. इकडे बुलेट धावतच राहिली. आईबाप गेले, पण लेकरू वाढले. का वाढले? मापे आली होती म्हणून. चेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१ पासून म्हैसूरला होऊ लागली. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली राजदूत १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने काढली, आणि खेड्यापाड्यांत ती किती फिरली हे आपणांस सांगायला नको.

ह्या गाड्यांपैकी एखादी आजही कुणाच्या गोठ्यात कडब्याआड उभी असेल. आजोबांची म्हणून मोडवत नाही, आणि चालवताही येत नाही. मग एक दिवस भंगारवाला येतो, किंवा घरचा हौशी मुलगा वेल्डिंगवाल्याकडे नेऊन ती कापून घेतो. दोन्हींत गाडी जाते. दुसऱ्यात कधी माणूसही जातो. म्हणून माझे सांगणे एवढेच, की करवत लावण्याआधी वही काढा.

वहीत पहिली गोष्ट लिहा ती मापाची भाषा. आपल्याकडे १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने आली. त्या संधिकाळातल्या गाड्या दोन भाषा बोलतात. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर; पण तिच्या बोल्टांचे आटे इंग्रजी इंचाचे. जावा मात्र आरपार मिलिमीटरची. मिलिमीटरचा पाना इंची बोल्टावर चालवला की कोपरे झिजतात आणि मिस्त्री गाडीला शिव्या देतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे. शिक्षकांनी मुलांना बुलेटचे गणित घालून पाहावे. ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा, त्याला ९० ने गुणा आणि हजाराने भागा. उत्तर सुमारे ३४६ येईल. साडेतीनशेची गाडी म्हणतात ती ही.

आता सांगाडा. गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करा, दोन्ही बाजूंनी टेकू द्या, पाणसळ लावा. जमिनीवर खडूने एक लांब रेषा मारा. ही आपली मूळ रेषा. प्रत्येक माप ह्या रेषेपासून घ्यायचे; एका नळीपासून दुसरीचे आणि दुसरीपासून तिसरीचे असे घ्यायचे नाही. पाच मापांत एकेक मिलिमीटरची चूक साचली तर शेवटी पाच मिलिमीटरची चूक पदरात पडते. मूळ रेषेपासून घेतले तर प्रत्येक चूक आपापल्या जागी राहते.

ओळंबा सोडून सांगाड्याचे मुख्य बिंदू ह्या रेषेवर उतरवा: हँडल फिरते त्या नळीची दोन टोके, इंजिन बसते ते बोल्ट, मागचा झुला जिथे हलतो तो खिळा, दोन्ही चाकांचे आस. बिंदू जमिनीपासून किती उंच तेही लिहा. दोन आसांमधले अंतर बुलेटमध्ये सुमारे १,३७० मिलिमीटर म्हणजे ५४ इंच असते. साखळी ताणताना मागचा आस मागेपुढे सरकतो, म्हणून तो कोठे होता तेही टिपा. मग दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणा. दोरी एका बाजूस चिकटली आणि दुसऱ्या बाजूस सुटली, तर चाके एका रेषेत नाहीत असे समजा.

येथे भूमितीचा एक धडा कामी येतो. बाजेची चौकट पाहा. चारही बाजूंची लांबी बरोबर असूनही ती तिरपी होते. म्हणून सुतार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. त्रिकोणाचे तसे नाही. तीन बाजू ठरल्या की आकार ठरलाच. सांगाडा मोजताना प्रत्येक चौकोनाचा एक कर्ण मोजला, म्हणजे तो कागदावर हुबेहूब उतरतो.

सर्वांत जपायचे माप पुढच्या नळीचे. ती उभी नसते, मागे कललेली असते. तिच्यातून एक सरळ सळई घाला आणि सळईच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडा. ४०० मिलिमीटर खाली सळई आणि दोरी ह्यांत २०० मिलिमीटर अंतर पडले, तर कल सुमारे साडेसव्वीस अंशांचा झाला. ही सळईची रेषा कागदावर जमिनीपर्यंत वाढवा. चाक जिथे जमिनीला टेकते, त्याच्या थोडी पुढे ती उतरली पाहिजे. म्हणजे चाक त्या बिंदूच्या मागून ओढले जाते, बंडीच्या मागे बांधलेल्या वासरासारखे, आणि आपोआप सरळ राहते. समोरून धडक बसलेल्या गाडीची नळी उभी होते आणि हे अंतर घटते. मग वेग येताच हँडल थरथरू लागते. वरून रंग चकचकीत दिसतो, दोष रंगाखाली असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो; अशा मुलखात दवाखान्याला निघालेली गाडी अर्ध्या वाटेत दगा देते तेव्हा चुकीच्या मापाची किंमत कळते.

मापे झाली की शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर खडूने पूर्ण आकाराची आकृती काढा. जहाजे बांधणारेही असेच जमिनीवर पूर्ण आकार काढीत आले आहेत. त्या आकृतीवर खरी चाके, खरे इंजिन ठेवून पाहा. साखळी कुठे घासते, पाय कुठे टेकतो, ते खडू पुसून सुधारता येते. कापलेली नळी पुसता येत नाही. मग हीच आकृती पाचास एक ह्या प्रमाणात कागदावर घ्या. १,३७० चे २७४ होतील.

कायद्याचीही एक गोष्ट आहे. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकात व्ही ए ही अक्षरे येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात व इंजिनात मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. गाडी पन्नास वर्षांची नसली, तरी कारखान्याने नोंदवलेल्या रूपात मनमानी बदल कायद्याला चालत नाही. म्हणून सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक प्रथम वहीत उतरवा आणि त्याला कानस लागू देऊ नका. तो क्रमांक म्हणजे गाडीचा जन्मदाखला.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या गावात जुनी राजदूत, जावा किंवा बुलेट हाताळलेला एखादा वृद्ध मिस्त्री असेल. बंडीचे चाक भरणारा सुतारही असेल. मुलांना वही, ओळंबा आणि फूटपट्टी देऊन त्यांच्याकडे पाठवा. तुंबा केवढा, आरे किती, धाव किती रुंद, हे मुलांनी विचारावे आणि लिहावे. गाडी पुन्हा धावेल की नाही ते पुढचे पुढे. पण मिस्त्रींच्या हातातले माप वहीत उतरले, तर ते त्यांच्याबरोबर जाणार नाही.