तळटीप : लेंगी

१४. लेंगी : गोर बंजारा समाजाची होळीची गाणी. मजकुरात यांना नुसती 'होळीची बोंब' म्हटले आहे, ते अपुरे आहे आणि अन्यायाचेही. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतल्या तांड्यांवर होळी जवळ आली की रात्री डफडा वाजू लागतो. पुरुष आणि बाया गोल धरून, पावले टाकत गोरबोलीत गातात. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. थट्टा असते, शृंगार असतो, आणि लदेणीच्या आठवणीही असतात. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालण्याचा हा धंदा पक्क्या सडका आणि रेल्वेने मोडला. तांडे स्थिरावले, शेतीला लागले. याच समाजातले माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक (जन्म १९१३) यांचे गाव गहुली याच पुसद तालुक्यातले. गोरबोलीला स्वतःची लिपी नसल्याने लेंगी तोंडातोंडीच टिकली. वर्षभरात मुलगा झालेल्या घरी 'धुंड' होतो : गेरिये (होळी खेळणारे पुरुष) बाळावर आडव्या धरलेल्या काठीवर काठ्या वाजवत त्याला आशीर्वाद गातात. तांड्याची होळी पेटते ती मात्र संध्याकाळी नव्हे, दुसऱ्या दिवशी पहाटे. — संपादक