घोड्याचे दात, गाडीचे किलोमीटर

नगर रोडने पुण्याबाहेर पडलं की तासा-दीड तासात रांजणगाव येतं. आधी महागणपती, मग एमआयडीसीचे पत्रे. इथल्या फियाटच्या कारखान्यात २०१७ साली जीप कंपास बनायला लागली आणि इथूनच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानला जायला लागली. तिथून थोडं पुढे शिरूर. जुनी माणसं अजूनही त्याला 'घोडनदी'च म्हणतात. गाव घोड नदीच्या काठावर आहे म्हणून ते नाव, पण गावाच्या इतिहासातही घोडे भरपूर आहेत. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या पैशाने इंग्रजांनी जे घोडदळ उभं केलं ते इथेच, शिरूरच्या छावणीत. त्याचा वारसा सांगणारी पूना हॉर्स ही पलटण आज घोड्यांऐवजी रणगाडे चालवते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दौंडच्या मामेभावाचा फोन. दादाला सेकंडहँड जर्मन सेदान घ्यायची आहे. (बोनेटवर चिन्ह कुठलं ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत.) सात वर्षांची, ६८,००० किलोमीटर चाललेली, किंमत १४ लाख. पैसे त्याच्या एकट्याचे नाहीत, दोघा भावांच्या उसाचे आणि थोडे मामींनी बाजूला ठेवलेले. "तू इंजिनिअर आहेस ना, गाडी चांगली आहे का ते सांग." आता मी जावा लिहितो, गिअरबॉक्स नाही. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. पंखा बंद पडला तरी मलाच हाक.

मग दोन वीकांत वाचन केलं. गाड्यांबद्दल सुरुवात केली आणि घोड्यांवर येऊन पोचलो. कारण प्रश्न तोच आहे: विकणाऱ्याला सगळं माहीत, घेणाऱ्याला फक्त बाहेरचं दिसतंय, आणि वस्तू इतकी महाग की फसलो तर घर हलतं.

आणि हा प्रश्न आमच्याच भागात जुना आहे. भीमेच्या काठचा मुलूख म्हणजे भीमथडी. इंग्रजांच्या काळात या नावाचा तालुकाच होता, बारामती त्याचं मुख्य ठिकाण आणि दौंड त्यातच. इथली तट्टं मराठ्यांच्या घोडदळात प्रसिद्ध होती, आपल्या राज्यगीतातही त्यांचा उल्लेख आहे. आता तर भीमथडी घोड्याची देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. दिसायला फार रुबाबदार नाही. उंची बेताची. पण कडब्यावर आणि मिळेल त्या पाण्यावर दिवसभर चालणार. याउलट आखातातून जहाजाने मुंबईला उतरणारा अरबी घोडा म्हणजे त्या काळची इंपोर्टेड गाडी! देखणा, वेगवान, आणि त्याला दाणा, मोतद्दार, खरारा सगळं वेळेवर लागणार.

मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, पण शिलेदाराला तो स्वतःचा आणावा लागे. म्हणजे घोडा हीच त्याची नोकरी. घोडा लंगडा निघाला की पगार गेला. इंग्रजांनी त्यांच्या घोडदळात ही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली, आणि तिथे स्वार दरमहा एका फंडात पैसे भरत. एखाद्याचा घोडा मेला की त्या फंडातून नवा घ्यायला हातभार. आपल्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे आजोबाच म्हणा ना.

मग ही माणसं घोडा पारखायची कशी? एक परंपरा लक्षणांची. शालिहोत्राच्या नावाने ओळखलं जाणारं शास्त्र (घोड्याच्या वैद्याला मराठीत 'साळोत्री' म्हणतात ते त्यावरूनच), नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र, ज्याची सचित्र पोथी तंजावरच्या सरस्वती महालात आहे. त्यात अंगावरचे भोवरे कुठे आहेत, पाय किती पांढरे आहेत, यावरून शुभ-अशुभ. पंचकल्याणी असला तर उत्तम, भोवरा भलत्या जागी असला तर मालकाचा घात. हसू येतं, पण दादाने मला गाडीचे जे फोटो पाठवले ते बघा: चकाकतं बोनेट, लेदरच्या सीट, सनरूफ, रात्री डॅशबोर्डचे निळे दिवे. एकही फोटो खालून नाही. आमचंही भोवरे बघणंच चालू होतं.

दुसरी परंपरा दातांची, आणि ती खरोखर कामाची. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडून कायमचे येतात. त्यानंतर खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात आणि आठव्या वर्षाच्या सुमारास नाहीसे होतात. तिथपर्यंत वय बऱ्यापैकी सांगता येतं, नंतर अंदाज. बैलबाजारात आजही आदत, दुसा, चौसा असाच हिशोब चालतो. 'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण उगाच नाही आली. फुकट मिळालेल्या गाईचेही दात मोजायची आपली सवय, तर विकत घेताना किती मोजत असतील!

पण जे मोजता येतं ते बदलताही येतं. इंग्लंडमधले दलाल म्हाताऱ्या घोड्याच्या दातांवर नवे खळगे कोरून ते डागून काळे करायचे आणि दहा-बारा वर्षांचा घोडा सात वर्षांचा म्हणून विकायचे. ओडोमीटर मागे फिरवण्याची कल्पना ओडोमीटरच्या आधीची आहे मंडळी.

यावर राज्यकर्त्यांनी काढलेला उपाय मला जास्त आवडला. अल्लाउद्दीन खिलजीने आणि पुढे १५७० च्या दशकात अकबराने घोड्यांना डाग द्यायची पद्धत लावली. सरदार हजेरीच्या दिवशी उसने घोडे दाखवून पगार उचलत, एकच घोडा दोन ठिकाणी मोजला जाई. म्हणून घोड्याच्या अंगावर खूण आणि कागदावर स्वाराचं नि घोड्याचं वर्णन. त्या कागदाला 'चेहरा' म्हणत, आपली 'चेहरेपट्टी' त्याच घरातली. म्हणजे चासी नंबर आणि आरसी बुक. यात घोड्याकडे अधिक बारकाईने बघण्याचा प्रयत्न नाही. खोटं बोलणं अवघड करण्याचा आहे. फरक मोठा आहे.

हाच मुद्दा जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडला, आणि उदाहरण घेतलं सेकंडहँड गाड्यांचं. घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नसेल तर तो सरासरी किंमत देतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, मग बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून किंमत आणखी उतरते. तीन नियतकालिकांनी हा लेख परत पाठवला होता. २००१ साली त्याला याच विषयावरच्या कामासाठी दोघांबरोबर विभागून नोबेल मिळालं. लेखात भारतही आहे: बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे वेचणारी गृहिणी आणि गावचा सावकार. १९६७-६८ मध्ये तो वर्षभर आपल्याकडे राहूनही गेला होता.

असो. आता खरी गंमत. आपला करार कायदा १८७२ चा, आजही लागू. त्यातलं कलम १७ फसवणुकीबद्दल आहे आणि ती समजावून सांगायला कायद्याने उदाहरणं दिली आहेत ती घोड्याची! त्या काळी इंग्लंडमध्ये घोड्यांच्या सौद्यांचे खटले इतके होत की त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकं निघायची, त्यामुळे कायदा लिहिणाऱ्यांना दुसरं काय सुचणार. माझ्या शब्दांत सांगतो. पहिलं उदाहरण: घोड्यात दोष आहे हे माहीत असून लिलावात विकणारा गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. (हे वाचून मी दोनदा परत वाचलं.) दुसरं: घेणारी त्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे दोष सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं: घेणारा म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निर्दोष आहे असं धरून चालेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच.

दुसरं उदाहरण वाचल्यावर मला आमच्याकडची 'ओळखीतली गाडी' कळली. दौंडचा माणूस केडगावच्या पाव्हण्याची गाडी पन्नास हजार जास्त देऊन घेतो, पुण्याच्या अनोळखी माणसाची स्वस्तात घेत नाही. आम्ही शहरात राहून त्याला अडाणीपणा म्हणतो. पण पाव्हणा लग्नाकार्यात पुन्हा भेटणार असतो, तिथे गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते.

आणि तिसरं उदाहरण म्हणजे आयता मेसेज. मी दादाला तो तसाच लिहून दिला: 'माझ्या समजुतीप्रमाणे या गाडीचे किलोमीटर खरे आहेत, गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही, गिअरबॉक्स उघडलेला नाही, मोठा अपघात नाही. यात काही चूक असेल तर कळवा, नाहीतर हेच खरं धरून मी पैसे देणार आहे.' मी वकील नाही. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये एक मेख आहे: साधी काळजी घेऊन जे कळलं असतं ते तुम्ही बघितलंच नाही, तर विकणारा गप्प होता म्हणून करार मोडता येत नाही. म्हणजे विचारायचंही आणि बघायचंही. पण तोंडी "एकदम टकाटक आहे साहेब" आणि लेखी होकार यांत जमीन-अस्मानाचा फरक. विकणाऱ्याने किलोमीटर आणि अपघाताबद्दल लगेच उत्तर दिलं. पाणी आणि गिअरबॉक्सबद्दल 'फोनवर बोलू' म्हणाला. हे लिहीपर्यंत फोन आलेला नाही, आणि मामींनी पैसे परत बँकेत टाकायला लावलेत.

पाण्याचा प्रश्न मुद्दाम घातला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या, आणि धुऊन-पुसून बऱ्याच पुन्हा बाजारात आल्या. महागड्या गाडीत सीटखाली, गालिच्याखाली वायरी आणि कंट्रोल युनिटं असतात. पाणी सुकतं, गंज हळूहळू चढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीच्या खळग्यात चिखल आहे का बघा. इंजिन थंड असतानाच स्वतः सुरू करा. आणि ओबीडी स्कॅनर लावा. त्यात एकही एरर नसेल तर खूश होऊ नका, 'रेडिनेस' बघा. गाडीच्या बऱ्याचशा स्वतपासण्या अपूर्ण दाखवत असतील तर कुणीतरी नुकताच एरर पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. म्हणजे दात ताजे कोरलेत. बऱ्याच जर्मन गाड्यांत किलोमीटरचा आकडा एकापेक्षा जास्त ठिकाणी साठवलेला असतो, तोही ताडून बघता येतो.

एवढं करून गाडी प्रामाणिक निघाली तरी एक प्रश्न उरतो, आणि तो अरबी घोड्याचा आहे. सात वर्षांत गाडीची किंमत निम्म्याच्या खाली येते, सुट्या भागांची येत नाही. १४ लाखांच्या गाडीला दुरुस्ती पन्नास लाखांच्या गाडीचीच लागते, आणि ती करणारा सत्तर-ऐंशी किलोमीटरवर पुण्यात. उदारीकरणाच्या आधी परदेशी गाड्या आपल्याकडे फार थोड्या येत, त्यातल्या काही वकिलातींनी वापरलेल्या, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेल्या. भाग मिळायचे नाहीत, मग लेथवर करून घ्यायचे. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे अधिकृत सर्व्हिस हा शब्द या गाड्यांना चिकटला.

पण मर्सिडीजचं एक इंजिन त्याच्याही आधीपासून आमच्या रस्त्यांवर होतं. १९७० च्या दशकातल्या मर्सिडीज २४० डी मधलं ओएम ६१६, २.४ लिटरचं डिझेल. बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) ते परवान्यावर पुण्यात बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. म्हणजे चौफुल्यापासून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जी वडाप जीप जायची, आत चौदा, टपावर दोन आणि कोंबड्या वेगळ्या, तिच्या पोटात जर्मन सेदानचं इंजिन होतं. ते टिकलं, कारण साधं होतं आणि दर दहा मैलांवर ते उघडू शकणारा मिस्त्री होता. दादाला मी म्हटलं, आधी दौंडमध्ये ही गाडी उघडणारा माणूस शोध, मग गाडी शोध. तो म्हणाला, "तसा माणूस असता तर मी तुला कशाला फोन केला असता?" बरोबर आहे म्हणा :)

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना अधिकृत नोंदणी घ्यावी लागते, गाडी ताब्यात आल्याचं परिवहन खात्याला कळवावं लागतं, आणि ती बाहेर काढली की कोण, कशासाठी, किती किलोमीटर, हे इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. डाग आणि चेहरा परत आला म्हणायचा. फक्त ही नोंद डीलरकडच्या दिवसांची. त्याआधीची सात वर्षं सर्व्हिसच्या बिलांत, विम्याच्या कागदांत नि जुन्या मालकाच्या डोक्यात असतात. म्हणून आरसीवर नाव असलेला माणूस भेटल्याशिवाय आणि सगळी बिलं तारखेप्रमाणे लावून किलोमीटर चढतेच आहेत ना हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. दादाच्या गाडीच्या बिलांमध्ये २०२१ च्या जून ते नोव्हेंबरचं एकही बिल नव्हतं.