तोंडापुढचं लोखंड

टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, तेव्हा मालकाच्या हाती अख्खी गाडी पडत नसे. चेसिस, इंजिन, स्टिअरिंग, पुढे बॉनेट, फार तर काचेची चौकट. ड्रायव्हर डोक्याला गमछा गुंडाळून, फळी टाकून त्यावर बसायचा आणि तसंच उघड्यावर शेकडो किलोमीटर चेसिस आणायचा. केबिन, डाला, फाळके सगळं बॉडीवाल्याकडे. सुतार, वेल्डर आणि पेंटर एकाच टिनाखाली राबायचे. पुढचा भारी बंपर म्हणजे वेल्डरच्या वाट्याचं काम. भिलाईच्या कुरुदमधलं माझं दुकान त्याच कामातून निघालं.

भिलाईत हा धंदा रुजला तो पोलाद कारखान्यामुळे, पण लोकांना वाटतं तसा नाही. कारखान्याचा माल काही मागच्या दाराने आमच्याकडे येत नव्हता. आले ते हात. सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ चा, आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू केली ४ फेब्रुवारी १९५९ ला. मधल्या चार वर्षांत जो कोणी इथे कामाला लागला, तो वेल्डिंगचा होल्डर धरायला तरी शिकला. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशातला, म्हणजे आधीच्या मध्य प्रांतातला, राजधानी नागपूर. त्यामुळे भंडारा-गोंदियाच्या माणसाला हा मुलूख परका वाटत नसे. माझे वडील असेच आले. ठेकेदाराचं काम संपलं की कोणी गावी परतलं, कोणी सुपेला, कोहका, कुरुद इकडे भाड्याची जागा धरून ग्रिल-गेट करू लागलं. मग ट्रक दाराशी येऊ लागले. जामुलचं सिमेंट, नंदिनीची चुनखडी, आणि मुंबई-कोलकात्याची वाहतूक नेणारा जी. ई. (ग्रेट ईस्टर्न) रोड, गिऱ्हाइकाला तोटा नव्हता.

वडिलांचा बंपर म्हणजे सहा इंची चॅनेल. मीटरला साधारण १६ किलो, म्हणजे गाडीच्या रुंदीभर घेतला की चाळीसेक किलो. त्यावर उभे पाईप, वर एक आडवा. ही शोभा नव्हती. पावसाळ्यात आमच्याकडची गुरं ओली जमीन सोडून डांबरावर येऊन बसतात, रात्री म्हैस दिसत नाही. रेडिएटर फुटला की गाडी उभी, भाडं गेलं, आणि ड्रायव्हर दोन दिवस भात शिजवत रस्त्याच्या कडेला. ऑस्ट्रेलियात हेच काम कांगारूंपायी झालं. तिथे १९७५ मध्ये मेलबर्नजवळ सुरू झालेली एआरबी कंपनी पुढे जगभर बंपर विकू लागली. आमच्या म्हशींनी कोणाचा ब्रँड केला नाही, एवढाच फरक.

मग कारखान्यातूनच तयार केबिन येऊ लागल्या आणि सुतार आधी गेला, पेंटर अर्धा गेला. वेल्डर टिकला तो जीपवाल्या पोरांमुळे. लष्कराच्या डिस्पोजलच्या जुन्या विलीज, मग महिंद्राच्या एमएम ५४०, २०१० नंतर थार. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही जीपची स्पर्धा होऊ लागली, तिचे व्हिडिओ दाखवत पोरं म्हणू लागली, "काका, असाच पायजे. अन् जाड पायजे."

जाड म्हणजे किती, हे त्यांना ठाऊक नसतं. पाच एमएमची प्लेट एका चौरस मीटरला ३९ किलो भरते. त्यावर विंच बसवली की पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होतं. म्हणून मी अंगाला तीन एमएम वापरतो. जाड प्लेट फक्त ब्रॅकेटला आणि ओढायच्या हुकाला, कारण खेच तिथे येते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीला लावून पाहायचा. दोन्ही टोकं वर उचललेली हवीत, म्हणजे चढावर बंपर टेकायच्या आधी चाक टेकतं. जोडताना एकाच बाजूने शिवण मारत गेलं तर लोखंड ओढलं जातं आणि सरळ पट्टी केळीसारखी वाकते. त्यामुळे आधी सगळीकडे टाके, मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. चेसिसला मात्र वेल्डिंग नाही. तिथलं पोलाद तापवलं की कमजोर पडतं; कंपनीच्या भोकांतूनच बोल्ट. आणि आजच्या गाडीवर होल्डर टेकवण्याआधी बॅटरीची तार काढायची, नाहीतर ईसीयू जातो.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की क्रॅश गार्ड, बुल बार चालणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. बाजारात आरडाओरड झाली. मला ते पत्र चुकीचं वाटलं नाही. गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच केलेलं असतं, धक्का ते खातं. पुढे ताठ लोखंड लावलं की धक्का सरळ चेसिसमधून आत येतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो, आणि समोरचा सायकलवाला तर मेलाच. वडिलांच्या ट्रकला ना सेन्सर होता ना एअरबॅग. तो बंपर त्या गाडीचा होता. आजच्या गाडीला तोच हवा म्हणणं हा निव्वळ हट्ट आहे, आणि दुकानदाराने हट्टाचे पैसे घेऊ नयेत असं माझं मत. धंद्यातले बरेच जण मला यावर हसतात. रस्त्यावर न चालणाऱ्या, ट्रेलरवर चढवून न्यायच्या स्पर्धेच्या जीपला मी अजूनही करून देतो.

गंमत म्हणजे पुढचं लोखंड काढायला लावणारा कायदा मागे मात्र लोखंड लावाच म्हणतो. कार ट्रकखाली घुसू नये म्हणून मागचा गार्ड सक्तीचा, आणि जमिनीपासून ५५ सेंटिमीटरच्या वर तो नको. आता माझं निम्मं काम तेच. खाणीत जाणाऱ्या डंपरचे मालक म्हणतात, "मागे घासते भाऊ, सत्तरवर घ्या." मी टेप लावून ५५ वर खूण करतो आणि तिथून पुढे आमची बोलाचाली सुरू होते.